वृद्धनिवासाला धर्म नसतो, राहणाऱ्यांना असू शकतो

रात्री दोनच्या सुमारास ओली चादर बदलायला आलेल्या केअरटेकरला एखाद्या आजी विचारतात, "देवानं मला टाकलं का गं?" केअरटेकरच्या हातात चादर असते आणि पलीकडच्या खोलीची बेल वाजत असते. अशा वेळी साधारण तीन उत्तरं निघतात. "असं नाही बोलायचं आजी, झोपा बघू." "देव कधी कुणाला टाकतो का?" किंवा "उद्या डॉक्टरांना सांगते हं." हेतू तिन्हींत चांगलाच आहे. पण पहिलं उत्तर दटावतं, दुसरं केअरटेकरची स्वतःची श्रद्धा पुढे करतं, तिसरं प्रश्नालाच आजार ठरवतं. विषय तिथेच मिटतो. कुठल्याही धर्माशी न बांधलेल्या संस्थेत एक चौथं उत्तरही ऐकू येतं: "आमच्याकडे देवधर्माचं काही नसतं." ते एखाद्या नियमासारखं वाटतं, पण असा नियम नसतोच.

निधर्मी वृद्धनिवास म्हणजे ज्या संस्थेला स्वतःचा धर्म नाही असं ठिकाण. ती कुणाला प्रार्थनेला बसवणार नाही आणि प्रार्थनेवरून उठवणारही नाही. हे बंधन संस्थेवर असतं, तिथं राहणाऱ्यांवर नसतं. व्यवहारात मात्र त्याचा सोयीचा अर्थ लावला जातो: विषयच नको. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. रहिवाशांत वाद होतील, नातेवाईक तक्रार करतील, एखादा स्वयंसेवक आपल्या पंथाचा प्रचार सुरू करेल. पण दवाखान्यात माणूस चार-आठ दिवस असतो आणि इथं वर्षानुवर्षं, पुष्कळदा शेवटपर्यंत. म्हणजे हे त्याचं घर झालं. स्वतःच्या घरात सकाळी हात जोडायला कुणी परवानगी मागत नाही, आणि न जोडल्याबद्दल खुलासाही देत नाही.

नेदरलँड्समध्ये आज निम्म्याहून अधिक लोक स्वतःला कुठल्याच धर्माचे मानत नाहीत. तरीही तिथल्या १९९६ च्या आरोग्यसंस्थांच्या गुणवत्तेविषयीच्या कायद्यानं असं सांगितलं की, जिथं माणूस निदान एक अख्खा दिवस-रात्र राहतो, अशा प्रत्येक संस्थेत त्याच्या धर्माशी किंवा जीवनदृष्टीशी जुळणारा आध्यात्मिक आधार उपलब्ध असला पाहिजे. त्यातलं 'जीवनदृष्टी' महत्त्वाचं, कारण त्यात नास्तिकही आला. तिथं धर्मगुरूंसोबत मानवतावादी समुपदेशकही हे काम करतात. देवाचं नाव न घेता मरणाबद्दल, पश्चात्तापाबद्दल, एकटेपणाबद्दल बोलण्याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. उट्रेख्टमध्ये १९८९ पासून मानवतावादी अभ्यासाचं स्वतंत्र विद्यापीठच आहे.

मग 'आध्यात्मिक' नेमकं कशाला म्हणायचं? देवाबद्दलच्या प्रश्नांना असं म्हटलं, तर नास्तिक वगळले जातात. सगळ्याच भावनांना म्हटलं, तर त्याला काही अर्थ उरत नाही. अमेरिकेत २००९ मध्ये उपशामक उपचारांतल्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या उपचारांतल्या, तज्ज्ञांनी एकत्र बसून एक व्याख्या ठरवली. तिचा साध्या भाषेतला गाभा असा: माणूस जगण्याचा अर्थ आणि हेतू कसा शोधतो, आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी, या क्षणाशी किंवा त्याला जे पवित्र वाटतं त्याच्याशी तो कसा जोडलेला राहतो. आणखी सोपं करायचं तर चार प्रश्न. मी कशाच्या बळावर तग धरून आहे? मी कुणाचा आहे? माझ्या आयुष्याचं काय झालं? आणि पुढे काय? एखाद्याचं उत्तर देव असेल, एखादीचं चाळीस वर्षं शिकवलेले विद्यार्थी, तिसऱ्याचं कामगार चळवळ, चौथीचं फक्त खिडकीबाहेरचं झाड. ही उत्तरं एकाच तोलाची मानणं, हेच निधर्मी संस्थेचं काम.

हे औषधोपचाराच्या बाहेरचं लाडाचं काम आहे, असं कुणाला वाटत असेल तर सिसिली सॉन्डर्स यांच्याकडे पाहावं. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या, शेवटी डॉक्टर. लंडनमध्ये १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस हे मरणाच्या जवळ पोचलेल्यांची काळजी घेणारं केंद्र सुरू केलं. त्यांनी मांडलेली 'समग्र वेदना' ही कल्पना आजही टिकून आहे. तिच्यानुसार दुखण्याला शरीराचा, मनाचा, नात्यांचा आणि अध्यात्माचा असे चार पदर असतात, आणि एक पदर दुर्लक्षिला तर बाकीच्यांवरचे उपचारही अपुरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये उपशामक उपचारांची व्याख्या केली, तेव्हा शारीरिक आणि मनोसामाजिक त्रासांच्या जोडीला आध्यात्मिक त्रासही नावानिशी नोंदवला.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या, वय ५५ किंवा त्याहून जास्त असलेल्या ५९६ जणांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला. 'देवानं मला सोडून दिलं', 'देवाचं माझ्यावर प्रेम आहे की नाही' अशा प्रश्नांशी जे झगडत होते, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका थोडा जास्त दिसला. तब्येत आणि मनःस्थिती यांतला मुळातला फरक जमेस धरूनही तो दिसला. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही, हे खरं. पण "झोपा बघू" म्हणून बाजूला सारावा इतका हा प्रश्न किरकोळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग केअरटेकरनं करायचं काय? चादर घालता घालता विचारायचं, "असं का वाटतंय तुम्हाला?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. ही शांतता अवघड जाते, कारण ती भरून काढायची आपल्याला सवय असते. आजी कदाचित म्हणतील, "मुलगा गेला, मी अजून आहे." त्याला उत्तर नाही आणि केअरटेकरनं ते द्यावं अशी आजींची अपेक्षाही नसते. "फार जड आहे हो हे" एवढं म्हटलं तरी ऐकणारं कुणी आहे हे पोचतं. निघताना आणखी एक विचारावं: "याबद्दल कुणाशी बोलावंसं वाटतं का? मी सकाळी सांगू का कुणाला?" होकार मिळाला तर सकाळी ड्यूटी बदलताना औषधांच्या नोंदीबरोबर हेही सांगायचं. हे सगळं चादर बदलायला लागतो तेवढ्याच वेळात होतं. "आमच्याकडे माणसं कमी, वेळ कुठे आहे?" हा आक्षेप पुष्कळ बाबतींत रास्त असतो, पण इथं पूर्ण लागू पडत नाही. आंघोळ, भरवणं, कपडे घालणं हा वेळ तसाही जातच असतो.

इथं एक सावधगिरी हवी. जेवण सुटलं, झोप उडाली, कशातच रस राहिला नाही, "मला संपवा" असं बोलणं सुरू झालं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ठणका लागलेला असला किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तरी म्हातारं माणूस एकाएकी वेगळंच बोलायला लागतं. अशा वेळी डॉक्टरांना कळवायलाच हवं. प्रत्येक दुःखावर गोळी देणं जितकं चूक, तितकंच आजाराला अध्यात्म समजून नुसतं ऐकत बसणं चूक.

रात्रीचा प्रश्न येण्याची वाट मात्र पाहू नये. दाखल होताना फॉर्मवर 'धर्म' असा एक रकाना असतो, त्यात एक शब्द लिहिला जातो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. त्या एका शब्दातून जवळजवळ काहीच कळत नाही. एकच शब्द लिहिलेले दोघेजण घ्या. एकानं तरुण मुलगी गेल्यावर प्रार्थनास्थळाची पायरी चढणं कायमचं सोडलं आहे, आणि त्याच्या खोलीत धर्मगुरू पाठवणं म्हणजे त्या जखमेवर मीठ. दुसरी कधीच फारशी धार्मिक नव्हती, पण आई म्हणायची ती दोन पदं कानावर पडली की तिला बरं वाटतं.

अमेरिकेतल्या डॉक्टर ख्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये काही सहकाऱ्यांसोबत यासाठी प्रश्नांची एक सोपी चौकट तयार केली. अडचणीच्या काळात तुम्हाला कशाचा आधार वाटतो, श्रद्धा म्हणा किंवा आणखी काही? ते तुमच्यासाठी कितपत महत्त्वाचं आहे? तुमची अशी माणसं, तुमचा असा समूह आहे का? आणि आम्ही त्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं? मला चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कामाच्या रूपात येतं. फाईलमध्ये 'धार्मिक वृत्तीच्या आहेत' असं लिहून कुणाचंच भलं होत नाही. 'सकाळी आंघोळीनंतर पंधरा मिनिटं एकटं बसायचं असतं, त्या वेळात गोळ्या घेऊन आत जाऊ नये' असं लिहिलं, तर नवीन आलेल्या केअरटेकरलाही पहिल्या दिवसापासून ते पाळता येतं. आणि ही विचारपूस एकदाच करून भागत नाही. जोडीदार गेल्यावर, मोठं आजारपण झाल्यावर उत्तरं बदलतात.

बारीकसारीक गोष्टींत खूप काही असतं. जपमाळ सफाईच्या वेळी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली जाते आणि जिचा हात तिथवर पोचत नाही ती दिवसभर अस्वस्थ राहते. प्रार्थनेआधी हात-पाय धुवायचे असतात, तर कुणीतरी पाणी न्यायला हवं. कानातल्या यंत्राची बॅटरी संपली असेल तर प्रवचनाला नेऊन उपयोग काय? परक्या पुरुषाच्या हातून आंघोळ नको, हे एखादीसाठी श्रद्धेचं बंधन असतं, नखरा नसतो. उपवासाचा प्रश्न मधुमेहाच्या औषधांशी येऊन भिडतो. तिथं परस्पर नकार देण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून वेळा आणि डोस पाहावेत, आणि धोका असेल तर तो रहिवाशाला समजावून सांगावा. ज्योतीचं मात्र वेगळं. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत उघडी ज्योत चालत नाही, त्यात तडजोड नाही. बॅटरीवरचा दिवा चालेल का, हे आपण ठरवण्यापेक्षा त्यांना विचारावं. काहींना चालतो, काहींना ती थट्टा वाटते.

सामूहिक कार्यक्रमांबद्दल माझं मत जरा कडक आहे. एखादं भजन किंवा प्रार्थनासभा ठेवली जाते, ऐच्छिक असं जाहीरही केलं जातं. मग चाकाच्या खुर्चीतल्या सगळ्यांना हॉलमध्ये आणून ओळीनं बसवलं जातं. ज्याला स्वतःची खुर्ची हलवता येत नाही, त्याच्यासाठी यात ऐच्छिक काय उरलं? जबरदस्तीचा हा प्रकार सर्वांत सहज घडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, आणि मधे कुणी चुळबुळ करू लागलं तर निमूटपणे बाहेर न्यायचं. बोलता येत नाही अशांच्या बाबतीत चेहरा वाचायचा. हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर एकाच पंथाचं चॅनेल लावून ठेवणंही याच जातीचं. शक्य असेल तर एक शांत खोली ठेवावी, जिथं भिंतीवर कायमचं काहीच नसेल. ज्याला जे लागतं ते त्यानं आणावं, झाल्यावर उचलून न्यावं. मधल्या वेळात तिथं कुणी नुसतं बसलं तरी चालावं.

बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांशी अटी आधीच स्पष्ट कराव्यात. बोलावलं तरच भेटायचं, धर्मांतराचा विषय काढायचा नाही, देणगी आणि मृत्युपत्राबद्दल चकार शब्द नाही. शेवटची अट विचित्र वाटेल, पण एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला जो आठवड्यातून तासभर देतो, त्याचा शब्द फार वजनदार होतो.

केअरटेकरलाही हीच मर्यादा. स्वतः विषय काढायचा नाही. रहिवाशानं "माझ्यासोबत प्रार्थना म्हणशील?" असं विचारलं आणि आपली तयारी असली, तर म्हणावी. नसली, तर "मला नाही येत, पण तुम्ही म्हणा, मी बसते" हे पूर्ण प्रामाणिक उत्तर आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत 'त्यांना काय कळतंय आता' असं म्हणून हा सगळा भाग सोडून दिला जातो, आणि तेव्हा हानी सर्वांत जास्त होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात हे ठासून मांडलं की, स्मृतिभ्रंशातही माणूस माणूसच राहतो आणि त्याचं माणूसपण बऱ्याच अंशी आजूबाजूचे लोक त्याच्याशी कसे वागतात त्यावर टिकतं किंवा झिजतं. आपलेपणा, सोबत, काहीतरी करायला असणं, ओळख या गरजा शेवटपर्यंत उरतात. लहानपणी घोकून पाठ झालेल्या प्रार्थना आणि गाणी पुष्कळदा नावं-गावं विसरल्यावरही जिभेवर येतात. एक ओळ हळू आवाजात सुरू केली, तर पुढची ओळ समोरून येते. संध्याकाळ झाली की कुणी दाराशी जाऊन "मला घरी जायचंय" म्हणतं. "हेच तुमचं घर" या उत्तरानं ते शांत होत नाहीत, कारण ते पत्ता विचारत नसतात. "घरी कोण कोण असायचं?" असं विचारत सोबत चार पावलं चालणं जास्त उपयोगी पडतं.

इथंच एक कोडंही उभं राहतं. आयुष्यभर कट्टर नास्तिक असलेले एक गृहस्थ स्मृतिभ्रंशानंतर शेजारणीच्या प्रार्थनेत रोज बसू लागले, टाळ्या वाजवू लागले, असं समजा. मुलगा म्हणतो, "बाबांना हे कधीच खपलं नसतं." कुणाचं ऐकायचं, कालच्या बाबांचं की आजच्या? माझं मत आजच्या बाबांच्या बाजूनं झुकतं. त्यांना सूर आवडत असतील, सोबत आवडत असेल, ती काढून घेऊ नये. पण त्यांचे विचार बदलले असं कुणी जाहीर करू नये, त्यांचे फोटो काढून मिरवू नयेत, आणि अंत्यविधी त्यांनी शुद्धीत असताना सांगितल्याप्रमाणेच व्हावा. मुलालाही हे समजावून सांगायला हवं, कारण तो वडिलांना थोडंथोडं गमावत असतो.

आयुष्याचा हिशेब मांडण्याची ओढ म्हातारपणी बहुतेकांना लागते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये तिला 'जीवनाचं सिंहावलोकन' म्हटलं. त्याआधी म्हाताऱ्यांचं जुन्या आठवणींत रमणं हे बुद्धी क्षीण झाल्याचं लक्षण समजलं जायचं, बटलर यांनी ते निरोगी आणि गरजेचं ठरवलं. पुढे कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी मरणाच्या जवळ पोचलेल्यांसाठी एक पद्धत बांधली. ठरावीक प्रश्नांच्या आधारे माणसाला बोलतं करायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं, लिहून काढून नीटनेटकं करायचं आणि त्याच्या हाती द्यायचं. तो मग ते हव्या त्या माणसाला देतो. यासाठी प्रशिक्षण लागतं, पण त्याचं घरगुती रूप कुणालाही जमेल: एक वही, एक ऐकणारा आणि "तुमच्या नातवंडांना तुमच्याबद्दल काय माहीत असावं?" असा प्रश्न. पण कुणाचा भूतकाळ मारहाणीचा, दंगलीचा, उपासमारीचा असू शकतो. "नको तो विषय" असं आलं की तिथेच थांबायचं. आठवणी काढणं हा कार्यक्रम नव्हे.

राहिला मृत्यू. वृद्धनिवासात तो नेहमीचा पाहुणा आहे आणि तरीही त्याच्याबद्दल सर्वांत जास्त लपवाछपवी चालते. पहाटे कुणी जातं, खोल्यांची दारं लावून घेतली जातात, मागच्या दारानं गाडी निघते. दुपारी जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची कमी असते. कुणी विचारलं तर "त्यांना घरी नेलं". म्हातारी माणसं खुळी नसतात. त्यांना एवढंच कळतं की आपण गेल्यावरही असंच होणार. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही. तीन वर्षं एका टेबलावर जेवलेली मैत्रीण ही नात्यात बसत नाही, म्हणून तिच्यासाठी रडायची जागाही नाही. तीन वर्षं तिला आंघोळ घालणाऱ्या केअरटेकरचंही तेच.

यावर करण्यासारखं फार खर्चीक काही नाही. जवळच्या टेबलावरच्यांना त्याच दिवशी, बसून, नाव घेऊन आणि 'वारल्या' हा शब्द वापरून सांगायचं. दाराशी फोटो आणि नाव काही दिवस ठेवायचं. काही संस्थांत देह पुढच्या दारानं नेतात, आणि ज्यांना यायचं ते रहिवासी व कर्मचारी दुतर्फा उभे राहतात. धार्मिक विधी त्या माणसानं सांगून ठेवला असेल तसा, आणि नको म्हटलं असेल तर नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, गेलेल्यांची नावं वाचून ज्याला जे आठवतं ते सांगायचं. आणि रिकाम्या झालेल्या खोलीत नवीन माणूस येण्याआधी, त्या खोलीची सफाई करणारीला दोन मिनिटं एकटं थांबावंसं वाटलं तर थांबू द्यायचं.

घरच्या कुणासाठी अशी जागा पाहायला जाल, तेव्हा खोल्या, जेवण, नर्सची संख्या हे विचारालच. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. फाईलमध्ये धर्माच्या रकान्याखेरीज या विषयावर काय लिहून ठेवता, ते दाखवाल का? (कुणाचं नाव नको, कोरा फॉर्म पुरे.) आणि मागच्या वेळी इथं कुणी वारलं, तेव्हा बाकीच्यांना कुणी, कसं सांगितलं? पहिल्याचं उत्तर कार्यालयात मिळेल. दुसरा प्रश्न शक्य झालं तर कार्यालयाबाहेर, एखाद्या केअरटेकरला विचारा.